प्रिंट सर्व्हर विंडोजवरून लिनक्सवर नेला, टेस्ट पेज निघतं, तरी रोज कुणाची तरी प्रिंट अडकतेच – काय काय बघायचं

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला आणि तेव्हापासून लहान-मध्यम ऑफिसांमध्ये हे काम सारखं निघतंय, की जुना सर्व्हर काढा आणि निदान प्रिंटिंग तरी डेबियन नाहीतर उबंटू लिनक्सवर न्या, लायसन्सचे पैसे वाचतील. कप्स (लिनक्सवरची प्रिंटिंग सिस्टीम) आणि साम्बा (लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणारं सॉफ्टवेअर) टाकायला फार वेळ लागत नाही, टेस्ट पेज निघतं, सगळ्यांना वाटतं झालं काम. मग सोमवारी अकौंट्समधून फोन, मंगळवारी वरच्या मजल्यावरून, आणि तक्रार दर वेळी एकच, "अहो प्रिंट निघत नाहीये". काहीतरी रिस्टार्ट केलं की तेवढ्यापुरतं चालतं आणि परत तेच.

अशा केसेस बघून माझं मत असं झालंय की जुना विंडोज सर्व्हर वर्षानुवर्षं बरीच कामं गुपचूप करत होता, कुणी ती लिहून ठेवली नव्हती कारण कुणाला माहितीच नव्हती, आणि नवीन सर्व्हरला ती कुणी सांगितली नाहीत. ड्रायव्हर वाटणं, जुन्या नावाला ओ देणं, एका जॉबला (पाठवलेल्या एका प्रिंटला) एरर आली तरी बाकी क्यू (प्रिंटची रांग) चालू ठेवणं, काही प्रिंटरना सकाळी चालू झाल्यावर फर्मवेअर (प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर) भरवणं. यातलं प्रत्येक काम राहून गेलं की त्याची वेगळी तक्रार येते, फक्त सांगणारा माणूस सगळ्याला "प्रिंट निघत नाही" हेच म्हणतो.

म्हणून आधी जॉब कुठे थांबलाय ते बघा, ड्रायव्हर काढून परत टाकायला मग जा. विंडोजवरच्या क्यूमध्ये जॉब दिसतोय आणि सर्व्हरवर काहीच नाही, म्हणजे भानगड क्लायंट आणि सर्व्हरच्या मधली आहे, म्हणजे नाव, परवानगी, फायरवॉल असलं काहीतरी. विंडोजवरून जॉब गेला पण सर्व्हरवर अडकला तर क्यूची अवस्था बघा. सर्व्हर म्हणतोय पूर्ण झाला आणि कागद नाही किंवा कचरा निघालाय, तर फॉरमॅटचा घोळ. सर्व्हरवर 'एलपीस्टॅट -टी' मारलं की सगळ्या क्यू, कुठली चालू कुठली बंद, कुठे काय पडलंय ते एका स्क्रीनवर येतं. (आणि ट्रेमध्ये कागद आहे का ते बघा. हसू नका.) यातून कळलं नाही तर 'कप्सकंट्रोल' ला डीबग लॉगिंग चालू करायला सांगा, एक प्रिंट सोडा, कप्सचा एरर लॉग वाचा आणि डीबग लगेच बंद करा, नाहीतर लॉगमध्ये नंतर काही सापडत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळा येणारी गोष्ट, क्यू आपोआप पॉज होणं. विंडोजवर एखाद्या जॉबला एरर आली तर तो जॉब लाल होऊन पडायचा, पण क्यू स्वतःहून बंद व्हायची नाही सहसा. कप्समध्ये प्रत्येक क्यूला एक एरर पॉलिसी असते आणि ती 'स्टॉप-प्रिंटर' असेल तर प्रिंटरशी बोलणारा बॅकएंड एकदा फेल झाला की अख्खी क्यू थांबते, प्रिंटर नंतर ठणठणीत झाला तरी क्यू थांबलेलीच राहते आणि मागे वीस जणांच्या प्रिंट साचतात. मग कुणीतरी 'कप्सएनेबल' मारतं आणि सगळं एकदम बाहेर पडतं, त्यात एकाच माणसाच्या तीन-तीन कॉप्या, कारण बिचाऱ्याने निघत नाही म्हणून परत परत बटण दाबलेलं असतं. 'एलपीअ‍ॅडमिन' ने प्रत्येक क्यूची पॉलिसी 'रीट्राय-जॉब' करून टाका, तो ३० सेकंदांनी परत प्रयत्न करतो आणि डिफॉल्ट मर्यादेत ५ वेळा जमलं नाही तर तेवढा एकच जॉब सोडून देतो. प्रिंटर्स.कॉन्फ फाईल हाताने बदलायला जाऊ नका, कप्स चालू असताना केलेले बदल तो स्वतःच पुसून टाकतो. आणि अजून एक, क्यू डिसेबल असणं आणि क्यू जॉब नाकारत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्यासाठी 'कप्सएनेबल', दुसऱ्यासाठी 'कप्सअ‍ॅक्सेप्ट', एकच करून दुसरं राहिलं की माणूस डोकं धरून बसतो.

याचाच भाऊ म्हणजे प्रिंट निघते, कागद हातात येतो, पण जॉब सर्व्हरवर "प्रोसेसिंग" म्हणून बसलेला आणि मागचे सगळे खोळंबलेले. प्रिंटरला थेट ९१०० या नेटवर्क पोर्टवर पाठवताना कप्स डेटा संपल्यावर प्रिंटर कनेक्शन बंद करेल याची वाट बघतो आणि काही प्रिंटर ते बंद करतच नाहीत. प्रिंटरच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन 'वेटईओएफ=फॉल्स' जोडलं की ही वाट बघणं थांबतं.

नावाची भानगड. जुन्या सर्व्हरचं नाव प्रत्येक मशीनवर, प्रत्येक शॉर्टकटमध्ये, कुठल्या कुठल्या बॅच फाईलमध्ये बसलेलं असतं, म्हणून सगळे डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी यादी) जुनं नाव नवीन मशीनकडे वळवतात, जे बरोबरच आहे. पण कप्स आलेल्या रिक्वेस्टमधलं नाव तपासतो आणि ते त्याच्या ओळखीचं नसेल तर सरळ "बॅड रिक्वेस्ट" म्हणून हाकलतो, आयपी टाकून उघडलं तर चालतं आणि नावाने उघडलं तर नाही, ही त्याची खूण. कप्सडी.कॉन्फ या कप्सच्या सेटिंग फाईलमध्ये 'सर्व्हरएलियास' म्हणून ते जुनं नाव लिहा. साम्बासाठी वेगळं, तिथे 'नेटबायोस एलियासेस' मध्ये जुनं नाव टाका, आणि विंडोज डोमेन असेल तर जुन्या नावाचा एसपीएन (डोमेनमधली सर्व्हिसच्या नावाची नोंद) जुन्या कॉम्प्युटर अकाऊंटवरून काढून नवीनवर लावावा लागतो, नाहीतर कर्बेरॉस (डोमेनची ओळख तपासायची पद्धत) चुकीच्या दारावर जाऊन उभा राहतो आणि युजरला पासवर्डची खिडकी दिसत राहते.

वरच्या मजल्यावरून निघत नाही आणि खालून निघतं, असं असेल तर केबल बघायच्या आधी सबनेट (नेटवर्कचा वेगळा भाग) बघा. कप्समध्ये शेअरिंग नुसतं चालू केलं की तो फक्त लोकल म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या सबनेटमधल्यांना आत घेतो, दुसऱ्या व्हीलॅनमधून म्हणजे दुसऱ्या सबनेटमधून आलेल्याला "फॉरबिडन". विंडोज सर्व्हर असा भेदभाव करत नव्हता म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाही. कप्सडी.कॉन्फमधल्या 'अलाऊ' मध्ये ती दुसरी आयपी रेंज वेगळी लिहा, सगळ्यांना मोकळं सोडण्यापेक्षा ते बरं. आणि फायरवॉलमध्ये ६३१ पोर्ट उघडा, साम्बा असेल तर ४४५ पण. सर्व्हरवर कप्स-ब्राऊझ्ड चालू असेल तर बंदच करा, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातली सुरक्षेची मोठी भोकं बाहेर आली होती, आणि सर्व्हरला शेजारचे प्रिंटर आपोआप शोधून काय करायचंय तसंही.

आता ड्रायव्हर, ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. पूर्वी काय व्हायचं, युजरने सर्व्हरवरच्या प्रिंटरवर डबलक्लिक केलं की ड्रायव्हर सर्व्हरवरून आपोआप यायचा. २०२१ च्या उन्हाळ्यात प्रिंटनाईटमेअर हे विंडोज प्रिंटिंगमधलं सुरक्षेचं भोक निघालं आणि ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून असा ड्रायव्हर बसवायला डिफॉल्टने अ‍ॅडमिनच लागतो. जुन्या मशीनवर ड्रायव्हर आधीच बसलेला असतो म्हणून हे इतके दिवस कळत नाही, सर्व्हर बदलला की प्रत्येक जण नव्याने जोडायला जातो आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी पन्नास ठिकाणी उघडते. मग कुणीतरी कुठूनतरी एक रजिस्ट्री की आणतं आणि ते बंधनच काढून टाकतं. नका करू. ते भोक खरंच वापरलं गेलंय. ड्रायव्हर आधीच ग्रुप पॉलिसीने किंवा स्क्रिप्टने सगळीकडे बसवा, नाहीतर पुढे सांगतो तसं आयपीपीवर (नेटवर्कवरून प्रिंट पाठवायचा सामाईक प्रोटोकॉल) जा.

एरर नंबरवरून थोडं. ११बी वर संपणारी एरर आली तर बहुधा क्लायंट अपडेटेड आहे आणि सर्व्हर नाही. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून विंडोज प्रिंटिंगच्या आरपीसीवर (क्लायंट आणि सर्व्हरमधलं बोलणं) जास्त कडक सुरक्षा मागतो, आणि दोन्ही सर्व्हर समांतर चालू असतात त्या काळात जुना अपडेट न केलेला सर्व्हर हमखास ही एरर देतो, लोकांना मात्र वाटतं लिनक्समुळे झालं. ७०९ वर संपणारी आली आणि मशीन विंडोज ११ चं २२एच२ किंवा नंतरचं असेल तर वेगळं कारण, तिथून पुढे विंडोज प्रिंटिंगसाठी नेम्ड पाईप (फाईल-शेअरिंगच्या एसएमबी प्रोटोकॉलमधून जाणारा मार्ग) सोडून टीसीपीवरून बोलायला जातो आणि साम्बाला नेम्ड पाईपची सवय. ग्रुप पॉलिसीत प्रिंटर्सखाली आरपीसी कनेक्शनची सेटिंग आहे, तिथे नेम्ड पाईप निवडा. आणि विंडोज ११ चं २४एच२ आलं की गेस्ट म्हणून चालणारं साम्बा शेअर प्रो एडिशनवर बंद पडतं, एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर सही) पण डिफॉल्टने सक्तीचं, त्यामुळे "पासवर्ड नको, सगळ्यांना मोकळं ठेवा" हा जुना मंत्र आता चालत नाही.

हे सगळं वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की साम्बामधून प्रिंटिंग चालू ठेवणं म्हणजे विंडोजच्या प्रत्येक अपडेटबरोबर पळणं. माझं तरी मत, विंडोज १० आणि ११ ची मशीनं सरळ आयपीपीने कप्सला जोडा, म्हणजे प्रिंटर अ‍ॅड करताना सर्व्हरचं नाव, ६३१ पोर्ट आणि क्यूचं नाव असा पत्ता द्यायचा, विंडोजचा स्वतःचा आयपीपी क्लास ड्रायव्हर घेतला की कंपनीचा ड्रायव्हर वाटायची कटकटच नाही. मायक्रोसॉफ्टने तर सप्टेंबर २०२३ मध्येच सांगून टाकलंय की कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं हळूहळू बंद होणार, म्हणजे वाट तिकडेच जातेय. साम्बा फक्त ज्यांना खरोखर लागतो त्यांच्यासाठी ठेवा. स्टेपल, पिन कोड टाकून प्रिंट सोडणं असली खास सोय लागत असेल तर मात्र कंपनीचा ड्रायव्हर लागेल आणि मग रॉ क्यू (आलेला डेटा न बदलता तसाच प्रिंटरला देणारी) आलीच.

कचरा निघण्याबद्दल. पहिल्या पानावर वर टक्का, उणे, १२३४५ एक्स आणि पुढे पीजेएल असं काहीतरी छापून येतं आणि मग पानामागून पान, प्रत्येकावर एक-दोन ओळी चित्रविचित्र अक्षरं, अर्धं रिम संपतं. अशा वेळी प्रिंटर बिचारा ठीक असतो. क्लायंटवरच्या कंपनीच्या ड्रायव्हरने प्रिंटरच्या भाषेत तयार माल पाठवलाय आणि सर्व्हरवरच्या क्यूने तो साधा मजकूर समजून परत शिजवलाय, म्हणजे त्याचं पुन्हा रूपांतर केलंय. उलटं पण होतं, क्लायंट पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषेत पाठवतो, क्यू रॉ आहे, प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत नाही, मग टक्का-उद्गारचिन्ह-पीएस पासून सुरू होणारी पानं. नियम एकच, एका बाजूनेच शिजवायचं. क्लायंटवर कंपनीचा ड्रायव्हर असेल तर सर्व्हरची क्यू रॉ, क्लायंटवर जेनेरिक किंवा आयपीपी असेल तर सर्व्हरवर ड्रायव्हर. दोन्ही प्रकारचे लोक असतील तर एकाच प्रिंटरच्या दोन क्यू करा आणि नावातच कळेल असं ठेवा. लॉगमध्ये ऑक्टेट-स्ट्रीम फॉरमॅट चालत नाही असं दिसलं तर साम्बाच्या एसएमबी.कॉन्फमध्ये 'कप्स ऑप्शन्स' ला 'रॉ' लिहा, कप्सच्या माईम फाईली (फॉरमॅट ओळखायचे नियम) खोदायची गरज नाही आता. रॉ क्यू बनवताना कप्स इशारा देतो की हा प्रकार पुढच्या व्हर्जनमध्ये जाणार आहे, तो खोटा नाहीये, म्हणून रॉ कमीत कमी ठेवा.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांनी मात्र इथे नीट लक्ष द्या. चलन, बिलं, गेटपास अजून त्यावरच निघतात आणि मागे बहुतेक ठिकाणी फॉक्सप्रो किंवा तसलंच जुनं सॉफ्टवेअर असतं जे थेट एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टला लिहितं. वर्डमधून निघतं आणि त्यातून नाही, ही तक्रार आली की त्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं 'नेट यूज' मारून बघा, एलपीटी१ अजून जुन्या सर्व्हरच्या शेअरला बांधलेला सापडेल. तो काढून नवीन शेअरला पर्सिस्टंट करून बांधा, यासाठी साम्बा लागतोच, आयपीपीने हे होत नाही. आणि ही क्यू रॉच पाहिजे. नाहीतर कप्स त्या मजकुराला पीडीएफ करून, स्वतःचे मार्जिन घालून, ग्राफिक्स मोडमध्ये पाठवतो, मग जी पावती खर्रकन निघायची ती एकेक ओळ घासत निघते आणि छापील फॉर्मवरचे रकाने सरकतात. हेड हळू चालतंय आणि रकाने सरकलेत, एवढं ऐकलं की मी दुसरं काही विचारतच नाही.

यूएसबीवर टांगलेले छोटे लेझर, यातच खरी रोजची डोकेदुखी. आपल्याकडे घरोघरी असलेला एचपी लेझरजेट १०२० घ्या, तो आपलं फर्मवेअर स्वतःजवळ ठेवतच नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते भरवायचं असतं. विंडोजचा ड्रायव्हर हे करत होता म्हणून कुणाला पत्ताच नाही. लिनक्सवर एचपीएलआयपी (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) आणि त्याचं वेगळं प्लगिन बसवलं की होतं, पण प्लगिनचं व्हर्जन आणि एचपीएलआयपीचं व्हर्जन तंतोतंत जुळावं लागतं, म्हणजे सिस्टीम अपग्रेड झाली, एचपीएलआयपी पुढे गेलं, प्लगिन मागे राहिलं, आणि प्रिंटर दिवसभर चालतो कारण फर्मवेअर आत आहे, रात्री बंद केला आणि सकाळी चालू केला की मेला. अपग्रेड आदल्या दिवशी झालेलं म्हणून कुणी दोन्ही जोडत नाही. अपग्रेडनंतर 'एचपी-प्लगिन' परत चालवा, किंवा सरळ ते पॅकेज होल्डवर ठेवा. कॅनन एलबीपी २९०० असेल तर तो कॅप्ट नावाची स्वतःची वेगळीच भाषा बोलतो, लिनक्सवर त्याला बसवता येतं पण प्रत्येक अपग्रेडला नवीन खेळ, माझं ऐकाल तर तो ज्याच्या टेबलावर आहे त्याच्याच विंडोज मशीनला राहू द्या. नवीन मल्टिफंक्शन यूएसबीने लावला आणि आधी चालणारी क्यू डेबियनच्या नव्या व्हर्जनवर अचानक बंद पडली तर आयपीपी-यूएसबी नावाच्या सर्व्हिसने तो ताब्यात घेतलाय का बघा, तसं असेल तर जुनी यूएसबी पत्त्याची क्यू काढून त्या सर्व्हिसमधून दिसणारा प्रिंटर जोडा.

फुटकळ पण पिडणाऱ्या गोष्टी. प्रिंटरचा दिवा लुकलुकतोय, पॅनेलवर लेटर कागद मागतोय आणि ट्रेमध्ये ए४ आहे, म्हणजे क्यूचं डिफॉल्ट अमेरिकन कागदावर राहिलंय, क्यूला ए४ लावा आणि सर्व्हरच्या पेपरसाईज फाईलमध्येही तेच लिहा म्हणजे पुढच्या क्यूला परत नको. नवीन क्यू कप्समध्ये केली आणि विंडोजवर साम्बात दिसतच नाही, तर साम्बा ती यादी डिफॉल्टने ७५० सेकंद धरून ठेवतो, म्हणजे साडेबारा मिनिटं, थांबा नाहीतर रीलोड करा. थेट टीसीपी पोर्टने जोडलेला प्रिंटर विंडोजवर उगाच ऑफलाईन दिसतोय तर त्या पोर्टमधलं एसएनएमपीचं (प्रिंटरची अवस्था विचारणाऱ्या प्रोटोकॉलचं) टिक काढा. डब्ल्यूएसडी (विंडोजने आपोआप शोधून लावलेला) पोर्ट दिसला तर काढून साधा टीसीपी लावा. प्रिंटरचे आयपी राऊटरमध्ये रिझर्व्ह करा, हे सांगायला नको पण सांगावं लागतं.

आणि स्कॅनिंग. प्रिंट सर्व्हर हलवला आणि कॉपियरवरून फोल्डरमध्ये स्कॅन जाणं बंद झालं, ही तक्रार येणारच. जुने कॉपियर फक्त एसएमबीची जुनी आवृत्ती एसएमबी१ बोलतात आणि साम्बा ४.११ पासून डिफॉल्टने एसएमबी२ च्या खाली उतरत नाही. एका कॉपियरसाठी पूर्ण सर्व्हरवर एसएमबी१ उघडू नका, त्या मशीनमध्ये एफटीपी किंवा ईमेलवर स्कॅनची सोय असते बहुधा, ती वापरा. नवं फर्मवेअर मिळत असेल तर त्याहून उत्तम.

जुना सर्व्हर बंद करायच्या आधी एक काम करा. त्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग असतो, तो बंद असतो, चालू करायचा, मग प्रत्येक छापलेल्या जॉबला ३०७ नंबरचा इव्हेंट पडतो, त्यात युजर, मशीन आणि प्रिंटरचं नाव येतं. फक्त महिनाअखेर त्यात आली पाहिजे, कारण पगारपत्रक आणि जीएसटीचं काम तेव्हाच निघतं आणि ते करणारं मशीन एरवी एक कागद छापत नाही. जे नाव त्या लॉगमध्ये अजून दिसतंय त्याच्याकडे आधी जाऊन या, मग वायर काढा.